भाकरीवरचा अंगठा

औसा, गुरुवार, २३ डिसेंबर १९९९

चि. रुद्राणी,

आजीचा हात डोक्यावर आहे असं समज. इथं सगळं बरं, तिथं लातूरला तुझं बरं असावं. झाली पत्राची रीत. आता बोलू.

एसटीनं परत आलेल्या रिकाम्या डब्यात तुझी चिठ्ठी मिळाली. दोन ओळी! "भाजीत मीठ नव्हतं" आणि "शेंगाची पोळी कधी पाठवतेस?" वा गं वा. क्लासच्या वह्या भरभरून लिहितेस आणि आजीच्या वाट्याला मीठ आणि शेंगा. डॉक्टरीण झाल्यावर औषधाची चिठ्ठी पण अशीच लिहिशील काय?

हे पत्र नेहमीसारखं शेजारची हसीना लिहून देते आहे. तिची खोड तुला माहीत आहे. मी बोलते गावरान आणि ती कागदावर माझी मास्तरीण करते. आज तिला म्हटलं, सगळं धुऊ नकोस बाई, दोन-चार डाग राहू दे. न्हाईतर पोरगी ओळखायची न्हाई.

मिठाचं म्हणशील तर वय झालं, हात विसरला. शेंगा यंदा खवट निघाल्या. पोळीचं नाव काढू नकोस. खरंच काढू नकोस.

एसटीडीवर येऊन बोल म्हणतेस, पण घसा बसलाय. दिवाळीत माहूरला जाऊन आले तेव्हा धरला, तो सुटत न्हाई. डोंगरावर वारं लई. रेणुकेचं कुंकू पाठवलं होतं, ते लावतेस का गणिताच्या पुस्तकात पुरून ठेवलंस?

तुझ्या परीक्षेसाठी मी सोमवार धरलेत. कडक. दिवस बुडेपर्यंत पाण्याचा थेंब न्हाई. तुझा निकाल लागेपर्यंत सोडणार न्हाई, असं तुमच्या लातूरच्या सिद्धेश्वराला बोलून बसले आहे. तू वाच, उपाशी मी राहते, वाटणी बरोबर झाली. हसीनाचाही रमजान चालू आहे, म्हणून सोमवारी आम्ही दोघी एका भिंतीला टेकून एकमेकींची तोंडं बघतो. सूर्य बुडायची घाई तिला जास्त असते. कबूल करत न्हाई.

सटवाजी कंडक्टरशी नीट बोलत जा. आपल्या पोरीसारखा डबा जपून आणतो बिचारा. "बाईसाहेब उशिरा आल्या तर मी काय डबा मांडीवर घेऊन नांदेडला जाऊ?" असं विचारत होता.

अभ्यासाच्या नादात जेवण टाकू नकोस. खाल्लेलं पोटात राहणं ही लई मोठी गोष्ट असते बाई.

तुझी आजी


औसा, शुक्रवार, १४ जानेवारी २०००

रुद्राणी,

डब्याच्या झाकणात तीळगूळ ठेवलाय, घे. गोड बोल असं म्हणणार होते, पण तुझी चिठ्ठी आली. हसीनानं आधी मनात वाचली, मग मला ऐकवली, म्हणजे धक्का आधी तिला एकटीला गिळायचा होता.

"भाकरीवर तुझा अंगठा नाही. बरेच दिवस नाही. डबा कोण करतंय? आजी, तू मला सोलापूर सांगून राहिलीस का?"

अंगठ्याचं आधी सांगते. तू शाळेत जायला लागलीस तेव्हापासून तुझ्या डब्यातल्या वरच्या भाकरीवर मी अंगठा दाबते. बाकीच्या आया डब्यावर नाव घालून आणायच्या. मला नाव गिरवता येत न्हाई, म्हणून भाकरीवर अंगठा. राहिला असेल दाबायचा. त्यासाठी एवढी फौजदारी कशाला?

आणि सोलापूर म्हणतेस. माझ्यावर तो शब्द फेकतेस? भूकंप झाला तेव्हा तू इथं माझ्यापाशी शाळेला होतीस. किल्लारीकडं आपलं घर तुझ्या आईबापावर बसलं, आणि इथं येणारा जो तो तुला सांगायचा, आई सोलापूरच्या दवाखान्यात आहे, बाबा तिच्यापाशी आहेत. तू दप्तर रिकामं करून त्यात आईची साडी भरून बसली होतीस, सोलापूरला न्यायला म्हणून. सगळ्यांना आवरा म्हटलं आणि मीच तुला मांडीवर घेऊन सांगितलं, सोलापूरला आपलं कुणी न्हाई. तू माझ्या दंडाला चावलीस. खूण अजून आहे. तेव्हापासून या घरात खोट्याला सोलापूर म्हणतात. ते नाव मी ठेवलं न्हाई, तू ठेवलंस.

इथं हसीनानं पेन खाली ठेवलं.

"अम्मा, पुढचं मी नै लिहीत."

"लिही. पित्त झालंय म्हण."

"पित्त?"

"पित्तच. तुला लिहायला बसवलंय, नाडी बघायला न्हाई."

तर पित्त झालंय. बघ तिनं कसं दाबून लिहिलंय, कागद फाटायचा. फोडणीचा वास आला की पोटातून उसळतं. ती लिंबू कापून नाकाशी धरते, मग जरा थांबतं. बस, एवढंच.

रविवारी येते म्हणतेस. अजिबात येऊ नकोस. पेपर तोंडावर आलेत. आलीस तर दार उघडायची न्हाई, आत्ताच सांगते.

अंगठा उद्यापासून दिसेल.

तुझी पित्तकरी आजी


औसा, शुक्रवार, २८ जानेवारी २०००

रुदी,

तुझी चिठ्ठी: "अंगठा तुझा. भाकरी कुणाची?"

तू डॉक्टर कशाला होतेस, पोलिसात जा.

भाकरी हसीनाची. पीठ आपलं, तवा आपला, हात तिचा. मी ओसरीवर तोंड फिरवून बसायची. गेल्या पंधरवड्यात नाक दाबून आत जायची, तिच्या थापलेल्या भाकरीवर अंगठा उठवायची आणि पळत बाहेर यायची. डिसेंबरात भाजीत मीठ नव्हतं ते याच्यामुळंच. तिला रोजा होता. तोंडात घालून चव बघता येत नव्हती. उपाशी पोटी तुझ्यासाठी रांधून राहिली होती, आणि तू चिठ्ठ्या लिहून राहिली होतीस. तिला कधी बोलू नकोस.

आज हसीना अट घालून बसली आहे. "खरं सांगणार तर लिहिते. न्हाईतर उद्या मीच लातूरला जाऊन रुद्राणीला सांगते." म्हणून ऐक. उभी असशील तर बस.

मी माहूरला गेलेच नव्हते. दिवाळीत नांदेडला माझ्या छातीतली गाठ काढली. कॅन्सरची. कुंकू तिथल्याच दुकानातलं, रेणुकेची माफी मागून घेतलं. डॉक्टर म्हणाला, गाठ वेळेवर सापडली, पण ती परत उठू नये म्हणून सलाईनमधून औषध घ्यावं लागेल, दर तिसऱ्या आठवड्याला. त्याला केमो म्हणतात. हे औषध देणारा डॉक्टर बाहेरगावचा, नांदेडला सोमवारीच येतो. दोनदा घेऊन झालं. केस गेले, ते एक बरं झालं, वेणीची कटकट संपली. उलट्या मात्र मी बाळंतपणातही एवढ्या केल्या न्हाईत. पोटात काही न्हाई तरी उलटी. पहिल्या वेळी परत आल्यावर रात्री शेंगाच्या पोळीवर उपास सोडला, तो सगळा बाहेर आला. आता शेंग म्हटलं तरी पोट ढवळतं. म्हणून तुला पोळी आली न्हाई. शेंगा खवट नव्हत्या, चांगल्या होत्या.

दुसऱ्या वेळी जाताना तू मला दिसलीस. तुझा डबा आणणारी गाडीच पुढं नांदेडला जाते, हे तुझ्या ध्यानात न्हाई आलं. लातूरच्या स्टँडवर गाडी थांबली, तू धावत आलीस. मी सीटमागं वाकले, पदर तोंडात कोंबला. सटवाजी खिडकी अडवून उभा राहिला, त्याला माहीत होतं. तू डबा घेतलास आणि तिथंच उघडलास. भाकरी उलटी करून बघितलीस, सुलटी करून बघितलीस. एवढ्या जवळून, की तुझ्या मनगटाचं हाड दिसलं. किती वाळलीस गं. गाडी हलली आणि मला उलटी झाली. अजून सलाईन लागायचं होतं, तरी. नुसती नांदेडची वाट ओळखून पोट उसळायला लागलंय. हसीनानं पिशवी धरली, लिंबू धरलं, आणि तुझ्या खोलीच्या दिशेनं बघून मला शिव्या दिल्या.

त्यानंतर अंगणात चक्कर येऊन पडले. इथल्या डॉक्टरनं पाणी चढवलं. नांदेडचा डॉक्टर स्पष्ट बोलला: अशाच उलट्या राहिल्या, अंग असंच उतरत गेलं, तर पुढचं औषध देता यायचं न्हाई. आणि औषध थांबलं तर गाठीला कोण थांबवणार?

आता खरी गोष्ट.

उलटीच्या गोळ्या त्यांनी पहिल्या दिवसापासून दिल्या होत्या. सिस्टरनं समजावून सांगितलं होतं: थोडं खाऊन यायचं, सलाईनच्या आधी गोळी घ्यायची, आणि घरी गेल्यावर मळमळ असो नसो, वेळ झाली की घ्यायची. उलटी सुरू झाल्यावर गोळी म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. मी मान डोलवली. दोन्ही वेळा गोळी हातात घेतली, तोंडापाशी नेली, आणि कनवटीला लावली. पुढच्या दिवसांत घेतल्या, तर त्या पाण्यासकट बाहेर.

परवा हसीना माझं लुगडं धुवायला घेऊन गेली आणि गोळ्या हातात घेऊन परत आली.

"अम्मा, ह्या खाल्ल्या न्हाईत?"

"सोमवार होता."

"मग?"

"निर्जळी होती."

ती उंबऱ्यातच बसली. "सिस्टरनं विचारलं तेव्हा काय सांगितलं?"

"खाऊन आले म्हणून."

"म्हणजे तिला पण सोलापूर?"

आपल्या घरातला शब्द तिनं मला मारला, रुदी. लागला.

मग म्हणाली, "आमच्यात आजाऱ्याला रोजा माफ असतो. बरं झाल्यावर पुरा करायचा. माझे चुकलेले मी ईदनंतर आत्ता करून राहिले, बघा."

मी म्हटलं, "तुमच्यात उधार चालतो बाई. आमचा महादेव भोळा असला तरी बोललेलं विसरत न्हाई."

ती हसली न्हाई. मीही न्हाई.

मला उलटीची भीती न्हाई, आणि गाठीचीही तेवढी न्हाई. भीती ही, की मी सोमवारी घास घेतला आणि तिकडं तुझा पेपर हुकला तर? एका रात्रीत भरलं घर जाताना मी बघितलंय. देवाला कारण लागत न्हाई, हे माझ्याएवढं कुणाला माहीत न्हाई. तरी त्याच्या हातात आपण होऊन कारण द्यायचं धाडस होत न्हाई. म्हणून मी हसीनाला सांगून टाकलं, येत्या सोमवारी मी नांदेडला जात न्हाई. उपास मोडायचा न्हाई आणि उपाशी पोटी ते औषध सोसत न्हाई. मग राहिलं काय?

हसीना म्हणाली, "ज्या पोरीसाठी उपास, तिला विचारलं का?"

न्हाई विचारलं. ते आता विचारते.

सोमवारी गाडी लातूरला येईल. मी स्टँडच्या बाजूच्या खिडकीशी बसेन, वाकणार न्हाई. या वेळी डबा तू आण. उपास ज्याच्यासाठी धरला त्याच्या हातचा घास घेतला, तर तो मोडत न्हाई, उजवला जातो. असं कुठल्या पोथीत आहे विचारू नकोस, मी कुठं पोथी वाचलीय? मी ठरवलंय. तू येताना सिद्धेश्वराच्या देवळावरून ये आणि त्याला सांग, आजीला सोडलं म्हणून. तुझ्या तोंडून त्याला पटेल. तू माझ्याशी भांडतेस तशी त्याच्याशी भांड.

डब्यात नुसती भाकरी. थंड झालेली. गरम अन्नाचा वास चढतो, सिस्टरनं सांगितलंय. भाजी नको, फोडणी नको. शेंगाची पोळी तर मुळीच नको. सलाईनच्या दिवशी आवडीचं खाल्लं तर त्याची जन्माची शिसारी बसते म्हणे. पोळी मला तुझ्या निकालाला खायची आहे, तोवर ती माझ्याशी रुसलेलीच बरी. भाकरी पोटात टिकली की पुढं गोळीची वेळ हसीना सांभाळते. तिला नांदेडपर्यंत दुसरं काम काय?

भाकरी खोलीवरच्या स्टोव्हवर तूच थाप. तुझी भाकरी म्हणजे वाळलेली गोवरी, कडेला जाड आणि मध्ये भोक, ते मला ठाऊक आहे. तरी थाप. आणि तव्यावर टाकायच्या आधी वर अंगठा दाब.

रडायचं ते गाडी सुटल्यावर रड. स्टँडवर क्लासची पोरं असतात, आणि मला खिडकीतून हात पुरत न्हाई.

रागावून न्हाई आलीस तर तुला बोल लावणार न्हाई. तुला सोलापूर सांगितलं, राग खरा आहे. पण मग मी लातूरलाच उतरेन आणि परतीची गाडी धरेन. एवढं ठरलंय, आणि हे हसीनानं एकदाही पेन न थांबवता लिहिलंय.

सोमवारी खिडकीशी, पदर मागं सारून बसलेली,

तुझी आजी रत्नम्मा

खाली शाईचा अंगठा आहे. माझाच आहे. दंडावर तुझे दात आहेत आणि कागदावर हा, दोन्ही खरे. सोमवारी आणशील त्या भाकरीवर तुझा बघेन.