आजोबांचं अर्धं पाऊल

प्रिय युनशिया,

माझं अक्षर बघून आईला काही झालं की काय, असं आधी मनात येईल. ती ठणठणीत आहे. अंगणात मक्याची कणसं वाळत घालताना मला ऐकू येईल अशा बेतानं बडबडतेय, "सहा वर्षं पोरीशी बोलायला तोंड नव्हतं, आता लेखणी तरी चालवा."

झेंगझोउला तुझ्या ताई-चीच्या वर्गात साठ जण येतात म्हणे. पांगनं सांगितलं. माझा थोरला शिष्य असून तो चोरून तुझ्याकडे जाऊन येतो, आणि मला पत्ता नाही असं समजतो. मी विचारलं, "त्या साठांत एक तरी धड उभा राहतो का?" तर म्हणाला, "गुरुजी, सगळे राहतात. ती सोडते होय कुणाला?" मी तोंड फिरवलं, कारण मला हसू आवरेना. गेंग घराण्याची पोर आहेस.

आपलं बिनसलं ते एका पावलावरून. डावीकडे वळताना उजवा पाय अर्ध्यावर थांबवून मागे ओढायचा, मग वजन टाकायचं. तुझ्या आजोबांनी मला तसंच शिकवलं, मी चाळीस वर्षं पुढे तसंच शिकवलं. आतली ताकद त्या ओढण्यात साठते, हे आपल्या घराण्याचं गुपित, असं मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगायचो. आणि तू वीस शिष्यांसमोर म्हणालीस, "बाबा, गुपित कसलं? आजोबा लंगडत होते." ज्याला आजोबांचं पाऊल नको त्यानं या अंगणात येऊ नये, असं मी ओरडलो. तू आली नाहीस. हट्ट कुणाकडून घेतलास ते आई रोज ऐकवते.

तुला खोटं पाडायचंच, म्हणून मी बाहेर पडलो. तरुणपणापासून यांग, वू, सून अशा सगळ्या घराण्यांचे आखाडे पालथे घातलेत, वह्यांनी पेटी भरली आहे. पण आजोबांच्या गुरूंच्या गावी कधी गेलो नव्हतो. आपलं आपल्याला ठाऊकच आहे, असा माज होता. या वसंतात पीत नदी ओलांडून तिथे गेलो. गुरूंचे पुतणे, छाओ आजोबा, एकोणनव्वदीचे. मटणाचा रस्सा अर्धा टाकून उठले आणि सगळ्या चाली करून दाखवल्या. उजवं पाऊल सरळ, पूर्ण पडलं. मी म्हटलं, अर्धं पाऊल विसरलात. म्हातारा पोट धरून हसला. "तुझा बाप इथून पुऱ्या पावलानं गेला, बाबा. नंतर खेचराच्या गाडीखाली खुबा मोडला त्याचा. जेवढं जमलं तेवढं त्यानं केलं, आणि तुम्ही तेच गिरवत बसलात?"

परतीच्या बसमध्ये मला शरम वाटली, पण अभिमान त्याहून जास्त वाटला. मोडक्या खुब्यानं त्या माणसानं जन्मभर शिकवलं आणि कधी हूं की चूं केलं नाही. जे मला चाळीस वर्षांत दिसलं नाही ते तुला दिसलं, आणि सगळ्यांसमोर बोलायची धमकही तुझ्यात होती. ती नजर मीच घडवली, एवढं श्रेय मला राहू दे.

शिष्यांना मी सगळं सांगितलं. शिकवणीच्या पुस्तिकेतलं अर्ध्या पावलाचं पान फाडलं. त्यांचं पाऊल महिन्याभरात सुधारलं, माझं सुधारत नाही. मनात पूर्ण टाकतो, पाय अर्ध्यावरच थांबतो. पांगला दिसतं, पण गुरूला टोकायची त्याची छाती होत नाही. दहाव्या महिन्यात आजोबांच्या स्मृतिदिनाला सगळे जमतील, तेव्हा सकाळीच ये. ज्याच्याकडून शिकायचं त्याच्यापुढे गुडघे टेकून चहाचा पेला धरायचा, ही आपली रीत तुला सांगायला नको. अंगणातल्या खुर्चीवर तू बसायचंस. पेला माझ्या हातात असेल. एकाहत्तरीच्या गुडघ्यांना खाली यायला वेळ लागेल, तेवढा धीर धर.

तुझाच नवा शिष्य,
बाबा