टपालपेटीशेजारची सावली

३ नोव्हेंबर
फोटो छापून आला! पेपरच्या 'जुनं शहर' स्पर्धेत पहिला. आमच्या नाक्यावरची लोखंडी टपालपेटी — लाल, गोल, पोट सुटलेली, मागे काचेचे मनोरे. माझं नाव छापू नका म्हटलं होतं, ते त्यांनी पाळलं. मावशी म्हणाली, "पेटी माझ्यासारखी दिसतेय, म्हणून नंबर आला." किती दिवसांनी हसले.

४ नोव्हेंबर
फोटो परत पाहिला. पेटीच्या पायाशी माझी सावली! कॅमेरा धरलेली, डावा कोपर वाकडा, बाहेर आलेला. नवऱ्यानं जिन्यावरून ढकललं तेव्हापासून तो तसाच आहे. मी पळून आले त्या घरात हा कोपर ओळखणारी माणसं दोनच — तो आणि सासूबाई. सासूबाईंनीच ओढणीनं हात गळ्यात बांधून दिला होता. "कुणी विचारलं तर घसरले म्हण."

आणि अशी पेटी शहरात एवढी एकच उरलीय. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला मी.

७ नोव्हेंबर
पेटीचे फोटो काढायला लोक येतात आता. प्रत्येक पाठमोरा माणूस तोच वाटतो. मावशी म्हणते, "अगं, तो टकल्या होता!" केस काय, काढता येतात.

९ नोव्हेंबर
पेटीजवळ कुणीतरी उभं आहे. लांब रेनकोट, टोपी नाकापर्यंत. फोटो काढत नाही. नुसतं खिडक्यांकडे बघतं.

१० नोव्हेंबर
आजही. मावशी भाजीच्या निमित्तानं खाली गेली, ती धापा टाकतच वर आली. "बाई आहे. तुझं नाव घेऊन विचारत होती. मी म्हटलं, अशी कुणी राहत नाही इथं."

त्यानंच पाठवली असणार. बॅग भरली. उद्या मागच्या दारानं निघायचं. कुठं, ते माहीत नाही. एरवी मला भित्री भागूबाई म्हणणाऱ्या मावशीनं आज स्वतःच दाराला टेबल लावलं. खूप भीती वाटतेय.

११ नोव्हेंबर
मागच्या गल्लीत तीच समोर आली. टोपी मागे सारली. सासूबाई! उजवा हात गळ्यात बांधलेला.

"पेपर त्याच्याआधी मी उचलला. जाळून टाकला." मग खाली बघत म्हणाल्या, "मला ठेवून घेशील?"

"घसरलात?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. नाही.