शेवटच्या गाडीचा झेंडा

हैदराबाद, ८ जानेवारी २०२५

आदरणीय सरिताताईस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

पोचल्याचा फोन केला होता, पण पत्राशिवाय मी पोचलो असं तुला वाटतच नाही. म्हणून नुकत्याच निवृत्त झालेल्या बाईंपुढे हा माझा पेपर. चुकांवर लाल शाई मारू नकोस.

तुझ्या निरोप समारंभाहून परतताना सात तासांच्या रस्त्याला अकरा तास लागले. समुद्रपूर सोडलं आणि पुलाचं काम लागलं. ट्रकांची रांग, खोदलेली बाजू, धूळ तर अशी की तुझ्या शेजारच्या बबनरावांनी सकाळी दिलेल्या वांग्यांवरही थर बसला. पुलाशेजारी एका वेळी एकीकडच्याच गाड्या जातील एवढी दीड किलोमीटरची पट्टी ठेवली आहे. रांगेत आमची गाडी शेवटची, म्हणून तिथल्या माणसाने हिरवा झेंडा माझ्या हाती दिला. पलीकडच्या माणसाले देजो, मागं कोनी राह्यलं नाई असं सांगजो, म्हणाला.

ताई, तो झेंडा काल गाडी धुताना सीटखाली सापडला. पट्टी संपताना एक म्हातारा हात करत होता. दोन तास खोळंबून मी इतका वैतागलो होतो की झेंड्याचं भानच राहिलं नाही. लिफ्ट मागतोय समजून थांबलो नाही. तुझी भावजय मयुरी थांबा म्हणाली, तर तिच्यावरच खेकसलो. आरशात तो बराच वेळ मागे धावताना दिसत होता. आता गाडीत बसलं की नजर आधी आरशात जाते. आपण भूतबित मानत नाही, तरी मला भीती वाटते. काही घोटाळा तर झाला नाही ना, जरा चौकशी कर.

भाऊजींना जय भीम. या वेंधळ्यावर लोभ असू दे.

तुझा,
अश्वजित


समुद्रपूर, १९ जानेवारी

चि. अश्वजित यास,
जय भीम, अनेक आशीर्वाद.

लाल शाई घेतली होती, ठेवून दिली. बबनराव गेले. तू निघालास त्याच दुपारी. पुलापलीकडच्या वावरात छातीत कळ आली. त्यांच्या बायको पंचफुलाबाई त्यांना शेजारच्या वावरवाल्याच्या टेम्पोत घालून वर्ध्याच्या दवाखान्याकडे निघाल्या आणि पुलाशी अडकल्या.

तू पाहिलेला म्हातारा नत्थू. झेंडा हाती आल्याशिवाय आपल्याकडची गाडी सोडायची नाही, हे त्याचं काम. तुझी गाडी शेवटची होती की मागे आणखी कोणी होतं, हे त्याला कसं कळावं? पलीकडच्याचा फोन लागेना. पंचफुलाबाईंनी पाय धरले, तर बाई, आत ट्रक असंन तर सारेच मराल, म्हणाला. शेवटी पायीच दुसऱ्या टोकापर्यंत बघायला गेला. परत येईतो पाऊण तास झाला आणि टेम्पोत सगळं संपलं होतं.

गाव नत्थूला दोष देतं. त्याचं काम सुटलं. आपणच माणूस मारला असं तोही म्हणतो. झेंडा कुठे आहे हे फक्त मला माहीत, आणि मी रोज पंचफुलाबाईंच्या ओट्यावर जाऊन बसते. मला घास उतरत नाही. तू ये.

अजून तुझीच,
ताई


हैदराबाद, २ फेब्रुवारी

आदरणीय ताईस,
जय भीम, वि. वि.

ती वांगी आम्ही पोचल्याबरोबर खाल्ली होती. मी दोनदा वाढून घेतलं.

झेंडा जाळायला गच्चीवर नेला. काडी ओढली, पण हात धजला नाही. मयुरी रोज म्हणते, चला. मी येऊन बबनराव परत येणार आहेत का? मी भित्रा आहे ताई. कोणाला सांगू नकोस. तेवढा लोभ ठेव.

अश्वजित


समुद्रपूर, १५ फेब्रुवारी

चि. अश्वजित यास, आशीर्वाद.

सांगितलं नाही. पूल पूर्ण झाला, रस्ता मोकळा झाला. नत्थू मात्र रोज सकाळी त्याच जागी जाऊन उभा राहतो आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीला झेंडा मागतो. लोक वेडा म्हणून हॉर्न वाजवतात. एखाद्या दिवशी तो गाडीखाली येईल, आणि मग तुझ्या आरशात दोघं दिसतील.

लोभ पत्रातून मागू नकोस. येऊन माग.

ताई


पुलाजवळून, २३ फेब्रुवारी

ताई, जय भीम.

गाडी आणि ही चिठ्ठी घेऊन मयुरी पुढे येते आहे. नत्थूबाबा गाडीत बसायला तयार नाहीत, म्हणून मी त्यांच्यासोबत पायी येतो.

आज मी थांबलो. झेंडा दिला, मीच तो, हे सांगितलं. ते रागावतील, मारतील असं वाटलं होतं. त्यांनी झेंडा झटकला, नीट गुंडाळला, आणि कामावर असताना प्रत्येक शेवटच्या गाडीला विचारत असतील तसंच मला विचारलं, मागं कोनी राह्यलं काय?

नाही म्हणायचं असतं तिथे. बाजूने गाड्या जात होत्या. पण मी म्हणालो, हो बाबा, बबनराव राहिले, माझ्यामुळे. तेव्हा ते रस्त्याच्या कडेला बसले आणि लहान मुलासारखे रडले.

पंचफुलाबाईंना हे मीच सांगणार आहे. तोवर तू काही बोलू नकोस. फक्त ओट्यावर त्यांच्याजवळ बसून राहा.

अश्वजित