नाव न घेण्याचा नियम

मंगळवार, १२ मार्च

चि. ठमीस,

आशीर्वाद. ते तरी अजून घेतेस असं धरून चालते. माझी तब्येत बरी आहे. तू विचारली नाहीस, पण पत्रात लिहायची पद्धत आहे.

काल सकाळी अकरा वाजता तुझ्या दारात उभी होते. कुलूप नवं, बेलही नवी. "ती झोपलीय," असं मला सांगण्यात आलं. आठ वर्षं दातांच्या दवाखान्यात सकाळी आठला हजर होणारी माझी बहीण अकरा वाजता झोपलेली. आत पंखा चालू होता, तुझ्या चपला दाराशी होत्या. मी डबा तिथेच ठेवून परत फिरले.

राग आलाय मला, लपवत नाही. आई गेल्यावर तुझ्या वेण्या मी घातल्या, आणि लग्न केलंस ते मला चार ओळींच्या चिठ्ठीतून कळलं. नवऱ्याचं तोंडही दाखवलं नाहीस. वर लिहिलंस, "तुझ्या प्रेमात मला श्वास घेता येत नाही. सहा महिने भेटू नकोस. हे भांडण नाही, ही माझी मर्यादा आहे." ठमे, तू अशी बोलत नाहीस. तू म्हणतेस, "जा ना गं, डोकं नको खाऊस." ती वाक्यं तुझी नाहीत, माझी आहेत.

आता ते लिहावंच लागणार, ज्यापायी तीन कागद फाडले.

माझं काम तुला माहीत आहे. लोक समोरच्या खुर्चीत बसून मन मोकळं करतात, मी ऐकते, वाट सुचवते. माझा एक नियम आहे आणि त्याचा मला फार तोरा होता: माझ्या खोलीत कुणाचंही नाव घ्यायचं नाही. स्वतःचं नाही, घरच्यांचंही नाही. वहीत मी माणसाच्या एखाद्या खुणेवरून नोंद करते.

वर्षभर दर गुरुवारी चार वाजता एक चष्मेवाला येत होता. मऊ बोलायचा, बोलताना सारखा चष्मा पुसायचा. त्याची 'ती' म्हणे मोठ्या बहिणीच्या मुठीत होती. रोज फोन, रोज डबा, जिथे तिथे नाक खुपसणं. मला त्या बाईची चीड आली. म्हटलं, भेटी कमी करा, कुलूप बदला, तिच्याकडून चार ओळी लिहून घ्या. ओळी मीच सांगितल्या, त्याने उतरवून घेतल्या. मग म्हणाला, "कामावर मैत्रिणी तिचे कान भरतात." मी म्हटलं, काही दिवस नोकरी सोडू दे. "आणि बहिणीचं पत्र आलं तर?" मी म्हटलं, आधी तुम्ही वाचा.

काल दार त्यानेच उघडलं. चष्मा पुसत म्हणाला, "गुरुवारी येऊ ना, मॅडम?"

मी कोण आहे हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तुझ्यापर्यंतचा एकेक रस्ता मी त्याला बंद करायला शिकवला. मी नाक खुपसणारी बहीण असेनही. त्यासाठी हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण समोर बसून घाल.

राजीनाम्यावर सही करायला तू उद्या दवाखान्यात येणार असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तो बाहेर गाडीत थांबेल. हे पत्र त्याच तुझ्या हातात देतील. मागच्या दाराशी मी उभी असेन.

ताई


बुधवार, १३ मार्च

चष्मेवाल्यांस,

वरची नक्कल तुमच्या माहितीसाठी. ती पोस्टाने पाठवतेय, म्हणजे सल्ल्याप्रमाणे आधी तुम्हीच वाचाल.

दाताच्या खुर्चीत बसून तिने ते पत्र दोनदा वाचलं. सही केली नाही. तुम्ही गाडीत किती वेळ थांबलात ते कळलं नाही, आम्ही तोवर निघून गेलो होतो.

तुमच्या नोंदींची वही मी आज समुपदेशकांच्या परिषदेकडे दिली, माझ्या चुकांसकट. माझा परवाना बहुधा जाईल. जाऊ दे. तेव्हा गुरुवारी येऊ नका, खोलीला कुलूप असेल. तेही नवं.

ती आता माझ्यासमोर बसलीय. दोन तास शिव्या घालतेय मला, आणि त्यातली एकही मी शिकवलेली नाही.

कळावे,
तिची मोठी बहीण