रातकिड्याची पट्टी

दि. १४, गुरुवार

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक. आईच्या गुडघ्यानं संप मागे घेतलाय, माझा खोकला मात्र रोज वेळेवर कामावर हजर. दुकानात भाड्यानं द्यायला दोन लाउडस्पीकर नवे घेतले. एकातून आवाज येतो, दुसऱ्यातून नुसता दमा.

आईनं तुझी बातमी गल्लीभर केली आहे. तुझ्या नव्या रातकिड्याला माझं नाव मिळणार, हे पोस्टमनपासून समोरच्या दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना ठाऊक. डॉक्टर म्हणाला, "तुमच्यासारखाच ओरडतो का हो?" म्हटलं, "ओरडतो, पण तुमच्या पेशंटइतका नाही." खोटं कशाला सांगू, छाती फुगली होती. कारखान्यात झाडू मारून सुरुवात केलेल्या माणसाचं नाव लॅटिनचा कोट घालून शास्त्राच्या ग्रंथात बसणार!

काल रात्री फोन केला तो हे सांगायला नव्हे. तू म्हणालीस, "बाबा, सोमवारी माझ्या लेखाचा अंक छपाईला जातोय." मी जेवलीस का एवढं विचारून फोन ठेवला. आज ते राहिलेलं सांगायला बसलो आणि अर्धा कागद लाउडस्पीकरवर घालवला.

तू पाठवलेली टेप ऐकली. आधी नेहमीचा रातकिडा, मग कारखान्यामागच्या माळावरचा तुझा नवा. दिसायला दोघं सारखेच. पंखावरची एक रेघ वेगळी, तीही कधी असते, कधी नसते, असं तूच सांगितलं होतंस. म्हणजे सगळी मदार आवाजावर. नव्याचा आवाज वरच्या पट्टीतला, घाईचा. टेपवर तो तसा आहेच. पण त्याच्यामागे, लांबून, कारखान्याचा संध्याकाळचा भोंगा वाजतो. तो मी निम्मं आयुष्य ऐकलाय. ठकू, तुझ्या टेपवर तो शिट्टीसारखा वाजतोय.

वाटलं, भोंगा बदलला असेल. काल फाटकासमोर उभा राहून ऐकला, टेपवर भरूनही घेतला. तोच आहे, म्हशीच्या गळ्याचा.

घरी येऊन टेपयंत्राचा वेगाचा स्क्रू जरा जरा फिरवत गेलो. भोंगा खाली उतरत उतरत आपल्या जागी आला. त्याच्याबरोबर तुझा किडाही उतरला. आई भाजी चिरत होती. मान वर न करताच म्हणाली, "अहो, हा तर आपल्या न्हाणीघरातला!" मी यंत्र बंद केलं. तिनं माझं तोंड पाहिलं आणि सुरी खाली ठेवली.

त्या दिवशी तुझ्या रेकॉर्डरचे सेल उतरले असणार. आवाज भरताना टेप सावकाश फिरली की चांगल्या यंत्रावर सगळंच वर चढून वाजतं. मी चुकत असेन, आणि चुकलो तर मलाच बरं वाटेल. टेप आणि काल भरून घेतलेला भोंगा मामाबरोबर पाठवतोय. हे पत्रही तोच देईल, टपालावर सोडवेना.

तुझे सर पहिल्यापासून म्हणत होते, "नुसत्या आवाजावर नवी जात उभी करू नका, बाई." तू भर बैठकीत म्हणालीस, "कान असतील तर ऐका." आता अंक थांबवायचा तर त्यांच्याच दारात जायचं, आणि तुझी कायमची नोकरी त्यांच्याच सहीवर. हे कळतं म्हणून फोनवर गप्प राहिलो. नुसतं तेवढ्यासाठीही नाही. नाव माझं होतं. कोणाला कळणार आहे, असंही मनात येऊन गेलं.

पण तूच मला समजावलं होतंस, छापलेलं नाव पुसता येत नाही. चूक निघाली तरी खऱ्या नावाच्या मागे ते कायमचं लिहिलेलं राहतं. ज्या एका किड्यावर ते नाव टांगलंय, त्याची लाल चिठ्ठीची डबीही कपाटात राहते. उद्या एखादी पोरगी ते कपाट उघडेल आणि विचारेल, हे कोणी केलं? किड्याला माझं नाव आहे म्हणून हसली तर हसू दे. पण त्यापुढे नाव देणाऱ्याचंही नाव लिहितात ना? ते तुझं.

आधी छापखान्याला फोन कर, मग सरांकडे जा. उलट नको. ते बोलायला लागले की तू चिडशील, आणि चिडलीस की छापून मोकळी होशील. ओळखतो मी तुला. टोमणे मारतील. मारू देत.

थांबवलंस तर एका शब्दानं कळव. नाही थांबवलंस, तर मी कोणापाशी तोंड उघडणार नाही. पण माझ्याकडे या टेपची नक्कल आहे, ती पुसणारही नाही.

तुझ्या शहाणपणाची वाट पाहणारा आणि रागाला तयार असलेला,

तुझा बाबा