गाण्याआधीचं बोलणं

प्रिय ताई,

पत्र बघून म्हणशील, कुठे उलथलाय हा आता? एका मोठ्या हॉलमध्ये खिळे ठोकतोय. आधी बेकरीत होतो, तिथल्या मालकाशी का फाटलं ते पुन्हा कधीतरी, ऐकण्यासारखं आहे. तर इथे प्रदर्शन आहे: लढाईतून घरदार सोडून पळालेल्यांच्या कहाण्या, चित्रांतून आणि गाण्यांतून. मी चित्रं टांगतो, वायरी ओढतो, आणि बघून बघून शिकलो म्हणून गाण्यांचं रेकॉर्डिंगही कापतो-जोडतो.

त्या माणसांत एक शिंपीण आहे. मी तिला मावशी म्हणतो. पळापळीत तिचा धाकटा भाऊ हरवला, चार वर्षं पत्ता नाही. तिच्या गावची रीत अशी, की गाणाऱ्यानं आधी आपण कुठल्या विहिरीवरचे, कुणाची लेक, सध्या मुक्काम कुठे, हे सगळं सांगायचं. नाहीतर गाणं बेवारशी. मावशीनं माईकसमोर ते सांगितलं, भावाला हाक मारली, छावणीतल्या खोलीचा नंबर दोनदा सांगितला, मग गायली. म्हणाली, ऐकलं की येईल बघ शेंबूड पुसत. आणि खुदकन हसली. मी म्हटलं, मावशी, सगळं जग ऐकेल. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

आमच्या साहेबांनी पहिल्या मिनिटालाच नाक मुरडलं. ही बडबड कशाला, म्हणे, काढ, फक्त दुःख ठेव. मी काढली. ताई, मीच काढली. एक बटण दाबलं, झालं. शिवाय गाण्याखाली ठेका भरला. चित्रकारानं तिचा भिंतभर चेहरा काढला, निळा, डोळ्यांत पाणी. हसणं त्याला विषयाला धरून वाटलं नाही.

काल उद्घाटन झालं. कानाला हेडफोन लावून माणसं डोळे मिटून डोलत होती. अत्तराचा नुसता घमघमाट. एक बाई मैत्रिणीला सांगत होती, अगं, हे निळं आमच्या सोफ्यावर काय खुलेल! तेवढ्यात मावशी आली, ठेवणीतले कपडे घालून. तिनं ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग मला हळूच विचारलं, बाळा, ही कोण गातेय? मी म्हटलं, मशीन बिघडलंय. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्या साहेबाची किळस आलीच, पण त्या हाताखाली उभ्या असलेल्या माझी जास्त आली. आंघोळ केली तरी जात नाहीये.

मूळ रेकॉर्डिंग मी चोरलंय. ते या पत्रासोबत आहे. तू बसस्टँडवर गाड्या पुकारतेस, आणि छावण्यांकडे जाणारी अर्धी माणसं तुझ्याच फलाटावर उतरतात. दोन गाड्यांच्या मध्ये हे लाव. रोज लाव. वरचे ओरडले तर माझं नाव सांग, तसाही मी बदनामच आहे. वेळ कमी पडला, तर गाणं तोड. बोलणं मात्र तोडू नकोस.

तुझाच,
कुठेच न टिकलेला भाऊ