पलंगाखालची बाई

प्रिय भांडकुदळे,

तुझी चिठ्ठी पोचली. माझ्यासाठी खालची खोली काढलीस, न्हाणीघरात धरायला दांडा बसवलास, वाचून बरं वाटलं. हे तुझ्या आईला सांगू नकोस, तिला वाटतं मी कशानंच खूश होत नाही. रविवारी नातजावई मला तुझ्या बाळंतपणासाठी न्यायला येणार, त्याआधी इकडचं ऐक.

आपल्याकडे एक बाई राहायला आली आहे. डोंगरापलीकडच्या गावची, आपल्यासारखीच ख्रिस्ती. त्यांच्या घरात प्रार्थना चालायची. गावाने आधी पाणी बंद केलं, मग दुकानातला माल. तरी ही माणसं प्रार्थना सोडेनात, तेव्हा घर पेटवलं, हिच्या नवऱ्याला मारत ओढून नेलं, आणि वर तुरुंगातही त्यालाच घातलं. आपल्या चर्चचे पाळक उपासनेत म्हणाले, प्रत्येक घराने आपलं एक सुख या लोकांसाठी सोडावं. आपल्या मंडळींनी काय सोडलं? कान तुटलेले कप आणि विटके स्वेटर. देवाला भंगारवाला समजतात मेले! मी तिरमिरीत उठले आणि म्हटलं, माझी खोली घ्या, पलंगासकट. तुझ्या आईने असं पाहिलं की दूध नासावं. गुडघ्यांना विचारलंत का, असं घरी येऊन म्हणाली. गुडघ्यांना काय विचारायचंय, म्हटलं, ते कुठे माझं ऐकतात?

पण ती बाई पलंगावर झोपलीच नाही. सकाळी चहा घेऊन गेले तर चादरीला सुरकुती नाही आणि पलंगाखालून दोन पाय बाहेर. गावकरी घरात घुसले तेव्हा खाटेखाली शिरून आणि धूर होताच मागून निसटून ती वाचली होती, म्हणून अजून तिथेच शिरते, आणि तिथेही टक्क जागी. मी चिडले. एवढी गादी नव्याने भरून घेतली आणि ही फरशीवर! नाही नाही ते बोलले. ती आणखी आत सरकली. शेवटी मी माझी सतरंजी तिच्या दाराला आडवी टाकली, म्हटलं, आता येणाऱ्याने मला ओलांडून यावं. त्या रात्री ती घोरली गं, तुझ्या आजोबांच्या वरताण. तेव्हापासून ती पलंगाखाली, मी दाराशी, आणि गादीवर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या.

दिवसा भाजी निवडताना ती नवऱ्याचं सांगते. गाताना त्याचा सूर हटकून चुकायचा म्हणे, पण आवाज सगळ्यांत मोठा. तो सुटला की दोघं खोली बघणार, म्हणून हिने पडदेसुद्धा शिवून ठेवले. मीही त्याच्याच वाटेकडे डोळे लावून होते. तो रविवारच्या आत आला की मी मोकळी, मग तुझ्याकडे.

काल पाळक आले. तिचा नवरा तुरुंगातच वारला. माराने की तापाने, कुणी सांगत नाही. देहही दिला नाही. तिला मीच सांगितलं. ती रडली नाही. पडद्यांची घडी मोडली, पुन्हा घातली, आणि मला विचारलं, रविवारी तुम्ही जाणार ना?

मी नाही म्हटलं. म्हणून हे पत्र. गाडी पाठवू नकोस. तुझ्या बाळाला पहिलं न्हाऊ मी घालायचं, हे मी किती दिवस मनाशी धरलं होतं ते तुला ठाऊक आहे, मला लिहायला लावू नकोस. पलंग सोडला त्याचं काहीच वाटलं नाही, उलट चारचौघांत मिरवले. हे सोडताना मात्र जीव तुटतो. काय भांडायचं ते पत्रात भांड. फोन तेवढा करू नकोस. तू एकदा ये म्हणालीस, तर मी निघेन.

तुझीच,
तोंडाळ आजी